खरेदीखतातलं ‘विटनेसेथ’

आमच्या ऑफिसातल्या ज्युनिअरने मध्यंतरी एका फ्लॅटच्या साठेखताचा इंग्रजी मसुदा मला तपासायला दिला. मजकूर ठीक होता, चतुःसीमा बरोबर होत्या, पण दुसऱ्या पानावर एक वाक्य लंगडं दिसलं: ‘नाऊ दिस अ‍ॅग्रीमेंट अ‍ॅज अंडर’. क्रियापदच नाही. ते सापडलं शेवटच्या पानावर. पोराने ‘विटनेसेथ’ हा शब्द टायपिंगची चूक समजून ‘विटनेसेस’ असा सुधारला होता, आणि साक्षीदारांचा मथळा इथे कुठे मधेच आलाय म्हणून उचलून खाली, साक्षीदारांच्या सह्यांच्या वर नेऊन ठेवला होता. मी हसले खरी, पण त्याचा तर्क चुकीचा म्हणवत नाही. हा शब्द असा सुटा, ठळक टायपात, कधी अक्षरांत जागा सोडून छापलेला असतो, की कुणालाही तो मथळाच वाटावा.

तो मथळा नाही. क्रियापद आहे, आणि त्याचा कर्ता पार पहिल्या पानावर बसलेला असतो. जुन्या इंग्रजी दस्ताची बांधणी अशी: ‘हा दस्त, अमुक दिवशी, अमुक गावी, अमुक आणि तमुक यांच्यात झालेला’, मग ‘ज्याअर्थी’, ‘ज्याअर्थी’ करत तीन पानं हकीकत, आणि मग ‘विटनेसेथ’: साक्ष देतो, की. कोण साक्ष देतो? माणूस नव्हे, तो दस्तच. सगळा दस्त म्हणजे एकच अजस्र वाक्य, पूर्णविरामाशिवाय. पुढे पुढे लिहिणाऱ्यांनी मधे पूर्णविराम घातले, परिच्छेद पाडले, आकडे टाकले, आणि बिचारं क्रियापद कर्त्यापासून तुटून पोरकं झालं. मग त्याला ठळक करून मथळ्याचा मान दिला.

आपल्या मराठी खरेदीखतांतही हेच आहे, फक्त सवयीने दिसत नाही. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’ इथून सुरुवात, आणि शेवटी ‘राजीखुशीने, समजून उमजून, नशापाणी न करता लिहून दिले असे’. हे ‘असे’ म्हणजे ‘अशा प्रकारे’ मधलं ‘असे’ नव्हे. ते ‘आहे’ या अर्थाचं जुनं क्रियापद आहे, ‘अस्’ धातूचं. बोलताना कुणी ‘मी जेवलो असे’ म्हणत नाही. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रोज शेकडो माणसं त्या ‘असे’खाली अंगठा आणि सही करतात. कायद्याची भाषा जुनी क्रियापदं टाकत नाही. लोणच्याच्या बरणीसारखी ती वर्षानुवर्षं धरून ठेवते.

तर ‘विटनेसेथ’च्या शेवटच्या या ‘एथ’कडे वळू. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी ‘ते बायबलमध्ये असतं, जुनं असतं’ एवढ्यावर बोळवण केली होती. सिनेमात राजा-राणी बोलायला लागले की कुठल्याही क्रियापदाला ‘एथ’ चिकटवतात, जणू ती मोत्यांची झालर आहे. ती झालर नाही, प्रत्यय आहे. आणि प्रत्यय कर्त्याप्रमाणे बदलतो हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या, वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला हा प्रत्यय लागे. तेव्हा तो टी-एच अशा दोन अक्षरांनी लिहीत नसत. त्यासाठी ‘थॉर्न’ नावाचं एकच अक्षर होतं: उभा दांडा आणि त्याच्या मध्यावर आलेलं पोट. लिहिता लिहिता त्या पोटाचं वरचं तोंड उघडं राहायला लागलं आणि अक्षर वायसारखं दिसू लागलं. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा छपाईची कला आणि खिळे समुद्रापलीकडून आलेले, आणि तिकडच्या भाषांना थॉर्नची गरजच नव्हती. मग थॉर्नच्या जागी कुठे टी-एच, कुठे सरळ वाय. दुकानांच्या पाट्यांवर हौसेने लिहिलेलं ‘ये ओल्ड’ असतं ना, ते तिथून आलं. त्यातला ‘ये’ हा मुळात ‘द’च आहे. तो ‘ये’ असा कुणी उच्चारत नव्हतं.

आता खरी गंमत. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी जे प्रसिद्ध भाषण केलं, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगताना त्यांनी आधी बोट ठेवलं ते क्रियापदांच्या धातूंवर. (जोन्स कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. आमच्याच बिरादरीतले, म्हणून आवर्जून सांगते.) पुढे १८१६ मध्ये फ्रांत्स बोप या जर्मन पंडिताने पुस्तकच लिहिलं ते क्रियापदं कशी चालतात याची तुलना करणारं. शब्द उसने येतात-जातात, पण ‘मी-तू-तो’चे प्रत्यय सहसा कुणी शेजाऱ्याकडून उसने आणत नाही. ते घरचेच असतात.

संस्कृतात ‘भृ’ म्हणजे वाहून नेणे: भरामि, भरसि, भरति. इंग्रजीत तोच धातू ‘बेअर’: तू-साठी ‘बेअरेस्ट’, तो-साठी ‘बेअरेथ’. मधे गॉथिक ठेवा, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक कुळातली जुनी भाषा, चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरातली: बेरिस, बेरिथ. आता ‘भरसि-भरति’ आणि ‘बेरिस-बेरिथ’ एकाखाली एक लिहून बघा. ‘भ’चा ‘ब’ झालाय आणि ‘त’चा ‘थ’. ‘त’चा ‘थ’ का? कारण त्या सगळ्या जर्मानिक भाषांत तसं सरसकट झालं. त्रि, पण थ्री. तृष्, पण थर्स्ट. आणि त्वम्, पण दाऊ (‘तू’साठीचं जुनं इंग्रजी सर्वनाम). याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नियम नीट मांडला. होय, परीकथावाले ग्रिम.

म्हणजे ‘विटनेसेथ’च्या शेपटीला जो ‘थ’ आहे, तो आपल्या ‘भवति-गच्छति’मधल्या ‘ति’चा चुलतभाऊ. आपण मराठीत तो केव्हाच गिळला. चलति, मग प्राकृतात चलइ, मग चाले. म्हणून ‘तो चाले, तो बोले’मध्ये ‘त’चा मागमूसही नाही.

आणि शब्दाचं डोकं? ‘विटनेस’ आला ‘विट’वरून, आणि ‘विट’ म्हणजे जाणणे. धातू तोच, विद्. दस्तांत मिळकतीचं वर्णन सुरू होण्याआधी कधीकधी ‘टू विट’ लिहितात, म्हणजे ‘जाणावयाचे ते असे की’, तेही हेच. ‘जाणणे’ अर्थाचं हे क्रियापद इंग्रजीत फार विचित्र चालायचं. ‘मी जाणतो’ला ‘आय वॉट’ आणि ‘तो जाणतो’लाही ‘ही वॉट’. ‘एथ’ नाही, काही नाही. संस्कृत शिकलेल्याला इथे एकदम खूण पटते: अहं वेद, स वेद. ‘य एवं वेद’, जो असे जाणतो, हे उपनिषदांत पदोपदी येतं. तो ‘वेद’ म्हणजे ग्रंथ नव्हे, क्रियापद. रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा: ‘पाहिलं आहे’, म्हणून ‘ठाऊक आहे’. इंग्रजीचा ‘वॉट’ अगदी त्याच साच्यातला. आणि हा साचा एवढ्यावर थांबत नाही. शॅल, कॅन, मे ही सगळी त्याच पंगतीतली, एकेकाळची भूतकाळी रूपं. आपण शाळेत ‘ही कॅन्स’ म्हटलं की छडी बसायची, का ते कुणी सांगायचं नाही. कारण हे: भूतकाळाच्या रूपाला तो प्रत्यय कधी लागतच नव्हता.

त्यातही ‘दाऊ शॅल्ट’ बघा. दहा आज्ञांमधलं ‘दाऊ शॅल्ट नॉट’. बाकी क्रियापदांना ‘तू’साठी ‘एस्ट’ लागतो, मग इथे नुसता ‘ट’ का? संस्कृतात ‘तू जाणतोस’ला ‘वेत्सि’ आहे, पण त्या भूतकाळी साच्यात ‘वेत्थ’. ‘शॅल्ट’चा ‘ट’ हा त्या ‘थ’चा सोयरा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी संध्याकाळची पक्षकाराची अपॉइंटमेंट विसरून धातुरूपावली शोधत बसले होते.

‘एस्ट’मधला मूळ जीव ‘स’चा आहे. ‘ट’ मागाहून आला. प्रश्न विचारताना क्रियापद आधी आणि ‘दाऊ’ नंतर येई, दोघं घासून घासून मधला ‘ट’ क्रियापदालाच चिकटला. आणि तो ‘स’ म्हणजे भरसि, करोषि, गच्छसि यांचा. मराठी माणूस हे रोज बोलतो: तू जातोस, तू करतोस, तू आलास. जुन्या ओव्या-अभंगांत ‘करिसी’, ‘जासी’ असं आणखी उघड दिसतं. इंग्रजीने ‘दाऊ’च टाकून दिला, त्याबरोबर ‘स्ट’ही गेला. आपला ‘स’ ठणठणीत आहे.

‘दाऊ’ टाकला का? मानापमानामुळे. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबाराच्या चालीवर इंग्रजीत एका माणसालाही अनेकवचनी ‘यू’ म्हणायला लागले, आपल्या ‘तुम्ही’सारखं. मग ‘दाऊ’ उरला देवासाठी, जवळच्यासाठी, नोकरासाठी आणि भांडणासाठी. वकिलांनी लक्षात ठेवावा असा प्रसंग १६०३ सालचा आहे. विंचेस्टरला सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला होता. सरकारी बाजूने होते एडवर्ड कोक, पुढे मुख्य न्यायमूर्ती झालेले, ज्यांची वचनं आम्ही आजही युक्तिवादात टाकतो. भर कोर्टात ते रॅलेंवर ओरडले: ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ इथे पहिला ‘दाऊ’ हेच क्रियापद आहे, आणि ‘दी’ म्हणजे ‘तुला’. ‘मी तुला अरेतुरेच करतो, हरामखोरा’, असा सगळा त्याचा नूर. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे तालुका कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा.

त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उलटा हट्ट धरला. जॉर्ज फॉक्स आणि त्यांची माणसं न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणत, कारण माणूस एक, तर सर्वनाम एकवचनी. त्यापायी मार खाल्ला, तुरुंगात गेले. पुढे त्यांच्याच बोलण्यात ‘दाऊ’ जाऊन कर्त्याच्या जागीही ‘दी’ आलं आणि क्रियापद मात्र तृतीयपुरुषी: ‘दी नोज’. व्याकरणासाठी तुरुंगात जाणाऱ्यांच्या नातवंडांनी व्याकरण असं सैल सोडलं.

राहिला प्रश्न, ‘एथ’ गेला कुठे. तो उत्तरेने मारला. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत दहाव्या शतकातच ‘थ’ऐवजी ‘स’ दिसायला लागतो. लिंडिस्फार्नच्या शुभवर्तमानांच्या पोथीत लॅटिन ओळींच्या मधे आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने बारीक अक्षरांत जुनी इंग्रजी लिहून ठेवली, तिच्यात तो भरपूर आहे. लंडनला मात्र तो गावंढळ वाटे. चॉसर या कवीच्या चौदाव्या शतकातल्या एका कथेत केंब्रिजला शिकणारे दोन उत्तरेकडचे विद्यार्थी आहेत. ते बोलले की क्रियापदांना ‘स’ लागतो, आणि लंडनचा वाचक हसतो. एखाद्या पुणेरी गोष्टीत मालवणी पात्र यावं आणि त्याच्या तोंडी हेल घालावा, तसलाच प्रकार. दोनशे वर्षांत पारडं फिरलं. हसणाऱ्यांच्याच पोटी आलेली पिढी ‘स’ बोलायला लागली.

शेक्सपिअरच्या काळात दोन्ही चालू होते. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या कोर्टाच्या प्रवेशातलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण आमच्या पिढीने पाठ केलेलं आहे. त्यात दया पावसासारखी ‘ड्रॉपेथ’, आणि पुढे ‘इट ब्लेसेथ हिम दॅट गिव्ह्ज अँड हिम दॅट टेक्स’. एकाच ओळीत ‘ब्लेसेथ’ आणि लगेच ‘गिव्ह्ज’, ‘टेक्स’. ‘ड्रॉप्स’ एका ठोक्याचा शब्द, ‘ड्रॉपेथ’ दोन ठोक्यांचा. वृत्तात जो बसेल तो घेतला. पण ‘ब्लेसेथ’चं कारण वेगळं. ज्या धातूच्या शेवटी ‘स’, ‘श’, ‘च’ असे सुसकारे आहेत, त्यांच्यापुढे आणखी ‘स’ लावायला जीभ कंटाळते. तसाही तिथे एक स्वर मधे घालावाच लागतो, त्यामुळे ‘स’ घेऊन काही वाचत नाही. म्हणून अशा क्रियापदांवर ‘एथ’ जास्त काळ टिकला. आणि ‘विटनेस’च्या शेवटी काय आहे?

लिहिण्यात तर तो त्याहून जास्त चिवट. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये सगळीकडे ‘एथ’च आहे, कारण भाषांतरकारांनी सुमारे ऐंशी-नव्वद वर्षं आधीच्या टिंडेलच्या भाषांतराच्या वळणावर हात ठेवला होता. पण १६४३ मध्ये रिचर्ड हॉजेस या लंडनच्या शाळामास्तराने शुद्धलेखनाच्या पुस्तकात सरळ सांगून टाकलं: आपण लिहितो ‘लीडेथ’, ‘मेकेथ’, पण म्हणतो ‘लीड्स’, ‘मेक्स’. म्हणजे ‘एथ’ लिहिलेला असला तरी वाचणारा खुशाल ‘स’ वाचत होता! लेखन एक, उच्चार एक. ‘हॅथ’ (हॅज) आणि ‘डथ’ (डज) ही दोनच रूपं रोजच्या वापरामुळे अठराव्या शतकापर्यंत तगली.

‘डथ’ असं मी मुद्दाम लिहिलंय. आपल्याकडे सगळे ‘डोथ’ आणि ‘डोस्ट’ म्हणतात, गॅदरिंगच्या नाटकात तर हमखास. स्पेलिंग ओ आहे म्हणून. पण ‘डन’मध्येही ओच आहे, तिथे आपण ‘डोन’ म्हणतो का? तसंच ‘डोस्ट’चा उच्चार ‘डस्ट’, धूळ या अर्थाच्या शब्दासारखा. ‘सेथ’चंही तेच: स्पेलिंग एस-ए-आय-टी-एच, पण ‘सैथ’ नाही, ‘सेड’सारखा ‘सेथ’. शिवाय ‘डूएस्ट’ आणि ‘डूएथ’ ही लांब रूपं वेगळी आहेत. ती साधारणपणे ‘करणे’ या खऱ्या अर्थी, आणि आखूड ‘डस्ट-डथ’ मदतनीस म्हणून.

माझं सर्वात आवडतं रूप मात्र ‘मीथिंक्स’. त्यातला ‘मी’ हा इंग्रजी ‘मी’, म्हणजे ‘मला’. तो कर्ता नाहीच, म्हणून ‘आय’ नाही. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक ‘विचार करणे’ आणि दुसरं ‘वाटणे’, आणि ती पुढे उच्चाराने एकमेकांत मिसळली. ‘मीथिंक्स’मध्ये दुसरं आहे: मला वाटतं. चतुर्थी आणि क्रियापद, बस्स. इंग्रजांनी ते सोडून ‘आय थिंक’ धरलं, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

कामाचं म्हणाल, तर विदेशातले मसुदाकार ‘विटनेसेथ’ काढून टाका म्हणतात, आणि बरेचसे खरं बोलतात. मी मधला रस्ता धरलाय. वाक्यात कर्ता शाबूत असेल, ‘नाऊ दिस डीड विटनेसेथ’ असं सलग असेल, तर राहू देते. नुसता मथळा म्हणून पानाच्या मधोमध एकटा टांगलेला असेल तर खोडते. जमिनीच्या वर्णनातलं ‘सिच्युएट’ मात्र मी कधी ‘सिच्युएटेड’ करत नाही. ते लॅटिन कृदंत तसंच उचललेलं आहे, त्याला इंग्रजी ‘ड’ची गरज नव्हती. आणि ‘बी इट एनॅक्टेड’ काढायचा तर मला अधिकारच नाही. संसदेचा प्रत्येक कायदा त्याच आज्ञार्थी-विध्यर्थी रूपाने सुरू होतो.

आता माझ्या भाच्याची एक गोष्ट. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस, थीम म्हणे राजवाडा. आमंत्रणाचा मजकूर त्याने मला तपासायला पाठवला, ‘मावशी, जरा बघ गं’. त्यात होतं: ‘कमेथ, ये ऑल! दाऊ इज इन्व्हायटेड. वी वेटेथ फॉर दी.’

‘दाऊ इज’ तर चालणारच नाही, ‘दाऊ आर्ट’ हवं. पण ‘कमेथ’वर मी लाल रेघ मारायला गेले आणि हात थांबला. चॉसरच्या इंग्रजीत अनेकांना आज्ञा करताना खरोखर ‘कमेथ’ म्हणत, ‘या हो’ अशा अर्थी. आणि ‘वी वेटेथ’? जुन्या इंग्रजीत आम्ही, तुम्ही, ते या सगळ्यांना एकच थॉर्नचा प्रत्यय होता, आणि दक्षिणेकडच्या बोलीत तो ‘एथ’ म्हणून बराच काळ टिकला. म्हणजे हे वाक्य केंटमधल्या एखाद्या मध्ययुगीन शेतकऱ्याला खटकलं नसतं. शिवाय ‘ये’ इथे खरंच अनेकवचनी सर्वनाम होतं, पाटीवरचा ‘द’ नव्हे. इंटरनेटवरून वेडंवाकडं उचललेल्या तीन वाक्यांत पोराने नकळत अडीच बरोबर आणली होती.

मी त्याला हे सगळं सविस्तर लिहून कळवलं, थॉर्नसकट. त्याचा उलट निरोप आला: ‘म्हणजे छापू ना?’ फक्त ‘इज’चं ‘आर्ट’ कर म्हटलं. केकवर जागा नव्हती, म्हणून ‘इज’च राहिलं.